टेक्सास राज्य विरुद्ध चौदा औंस चांदी

खटल्याचं नावच तसं होतं.
माणूस त्यात कुठे नव्हता.
आरोपी चांदी. वय ठाऊक नाही, राहणार कुठली ठाऊक नाही,
वीस दिवसांत कोर्टापुढे आली नाही,
वकील दिला नाही,
म्हणून हरली.

तिला मी विकत घेतलं. व्हर्नन क्रेनेक,
कापसाच्या जिनिंगमध्ये एकतीस वर्षं वेल्डर.
कोर्टामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
मंगळवारी, दहा वाजून पाच मिनिटांनी.
आधी दोन ट्रेलर गेले, एक गवत कापायचं यंत्र,
मग लहान मुलीची गुलाबी सायकल.
तिच्यावर कुणी बोली लावेना,
सगळे आपापले बूट बघत राहिले.
मग लॉट एकतीस: "चांदी, किरकोळ."
बाजारभावाच्या साठ टक्क्यांत.
हातची सोडतो कोण?

गॅरेजात कॉफीचा डबा उपडा केला.
वाटलं होतं नाणी असतील, मोडके चमचे.
निघाले पाय.
नखाएवढे, गुडघ्यापासून खालचे.
डोळ्यांच्या जोड्या, कान, एक स्तन,
पाळण्यातलं बाळ, एक खेचर, एक ट्रक.
प्रत्येकाला वर बारीक कडी, कडीत लाल धागा.
सीमेपलीकडची माणसं संताला वाहतात हे:
गुडघा बरा झाला की गुडघा,
मुलगा परतला की मुलगा.
कुणाकुणाचे नवस, आणि मी घेतले वजनावर.

मूस तापत आली होती.
नऊशे एकसष्ट अंशांना चांदी सगळं विसरते.

अर्लीन दारात उभी.
"तू चोरलंस का हे?"
नाही.
"ज्यानं चोरलं त्याच्याकडून घेतलंस?"
अगं, शेरीफकडून घेतलंय. शिक्का बघ.
तिनं शिक्का बघितला, चष्मा लावून.
मग गॅस बंद केला
आणि बटाटे सोलायला निघून गेली.

निकालपत्रात पत्ता होता.
लरेडोच्या अलीकडे, ट्रेलरांची वस्ती,
रेफुहिया त्रेविन्यो. जत्रांतून हेच विकते.
हायवेवर गाडी अडवली, मागचा दिवा फुटका.
एवढी चांदी कुठून आणली? पावती कुठंय?
तिच्यावर गुन्हा कधीच नव्हता. होता तो डब्यावर.
माझ्या पैशांतून त्यांनी नवी मोटार घेतली असेल,
फुटके दिवे हुडकायला.

मी म्हणालो, घेतली त्या भावात परत देतो.
वर एक सेंट नको.
बोलताना टोपी काढली होती,
आणि खोटं कशाला सांगू,
मला माझंच कौतुक वाटत होतं.

ती डबा चाळत राहिली,
घेवड्यातले खडे वेचावेत तशी.
एक कान बाजूला काढला.
"हा विकायचा नव्हता. आमचा आहे.
धाकट्याला ऐकू येत नाही."
मग, माझ्याकडे न बघता: "किती?"

वजनकाटा मी बरोबर आणलाच होता.
चार डॉलर, दहा सेंट.
तिनं मोजून दिले.

मी घेतले.

महिना झाला, हे दोन शब्द मी फिरवून फिरवून बघतोय,
सांधा कुठे कच्चा राहिला म्हणून.
नोटा घेतल्या, दहा सेंटचं नाणंही घेतलं,
खिशात घातलं. कायद्यात बसतं सगळं.

"पावती," ती म्हणाली.
"पुन्हा अडवलं तर?"

लिलावाच्या बिलामागे लिहिलं:
कान, एक, चांदीचा.
विकणाऱ्याचं नाव.
तिथे पेन अडलं.
पुढच्या बाजूला त्या जागी नुसता शिक्का होता,
गोल, निळा, कुणाचाच नसलेला.
मी माझं नाव लिहिलं,
मधल्या नावासकट.

धाकटा पायरीवर बसून आमचे ओठ बघत होता.

डबा अजून गॅरेजात आहे, झाकण लावून.
या आठवड्यात चांदी वर गेलीय.
अर्लीन विचारत नाही.