गोल ता

फॉर्म एकाच पानाचा.
नाव : तस्कीन सारंग. शाखा मेकॅनिकल. सेमिस्टर पाचवं.
मग 'कारण',
आणि त्यापुढे दीड ओळ मोकळी.
दीड ओळीत मावेल असं
माझ्याकडे काहीच नाही.

गुरुवारी दोनला ऑफिस बंद होतं.
आज मंगळवार, अकरावा रोजा,
आणि मी रोल्याच्या मागच्या गल्लीत
मोईनुलचाचांच्या दुकानात फरशीवर बसलेय.
बाहेर शारजाची हवा ओल्या फडक्यासारखी.
आत बारा डोक्यांचं भरतकामाचं मशीन
शनिवारपासून मुकं.
ईदच्या अबाया अर्ध्या फुलांवर थांबल्यात.
कंपनीचा माणूस नुसतं दारात यायचे
साडेचारशे दिरहम मागतो.

सातव्या सुईचाच धागा तुटतो.
मी हूक काढते, अंगठ्याने चाचपते :
नखाला जेमतेम लागेल एवढी खरड.
पॉलिश पेपर, तेलाचा एक थेंब,
आणि बारा सुया एकदम खाली येतात
जसं कुणी अंगणात तांदूळ ओतले.
चाचा काही बोलत नाहीत.
चष्मा पुसतात. इफ्तारीचा डबा माझ्याकडे सरकवतात,
अजून पाऊण तास असताना.

कॉलेजात मशीन फळ्यावर असतं.
त्याला तेल लागत नाही.
पण खरं सांगायचं तर
ती खरड तिथे का पडली
हे मला फळ्यावरूनच कळलं होतं,
चौथ्या सेमिस्टरला, मागच्या बाकावर, अर्धवट झोपेत.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

अश्फाक अठराचा झाला तेव्हा
व्हिसासाठी कॉलेजचं पत्र लागलं होतं.
मला लागत नाही.
मुलगी लग्न होईपर्यंत बापाच्या कागदावर राहते.
म्हणजे शिक्षण सोडलं तरी चालेल,
बिनलग्नाचं राहणं सोडता कामा नये.
यावर मी एकटीच हसले होते.

अम्मी म्हणते, तीन सेमिस्टर तर उरलीत,
मग उघड हवी तेवढी मशीनं.
तिने दाभोळला सगळ्यांना सांगून ठेवलंय.
ती चुकत नाही. तीच तर पंचाईत आहे.
अब्बा काहीच म्हणत नाहीत.
त्यांनी नववीत शाळा सोडली
तेव्हा त्याला कुणी निर्णय म्हटलं नव्हतं.
'गेला' म्हणाले, एवढंच.

तरावीहनंतर अब्बांचं टायपिंग सेंटर उघडं असतं.
ट्यूबलाइटखाली रांग :
कुणाचा पासपोर्ट ओला, कुणाचा फोटो जुना.
अब्बा दोन बोटांनी अरबी टाइप करतात,
वीस वर्षं, उजवीकडून डावीकडे,
गवंडी, हेल्पर, ड्रायव्हर, हेल्पर, हेल्पर.
माझा नंबर एकतीस.
मी नंबर घेतला, कारण
बापाच्या दुकानात रांग मोडायची नाही
ही आमच्या घरातली शिस्त.

"लायसन्सचा अर्ज," मी म्हटलं.
कॉलेजचा फॉर्म पिशवीतच होता, कोराच.
त्यांनी मान वर केली नाही.
स्क्रीनवर माझं नाव उमटलं,
त्यांच्या हाताखाली पहिल्यांदा.
"पेशा काय लिहू, बाय?"

मी सांगितलं.
यादीत शोधलं त्यांनी, वर, खाली, परत वर.
मग स्वतःच टाइप केलं, मिकानीकी,
आणि थांबले.
"बाई असली की शेवटाला गोल ता लागतो,"
जणू मला नाही, कीबोर्डलाच सांगितलं.
ते अक्षर त्यांनी शोधलं. शोधावं लागलं.
वीस वर्षांत या शब्दापुढे
ते कधी लागलं नव्हतं.
बंद वाटोळं, वर दोन टिंबं,
कुणीतरी डोळे उघडे ठेवून गप्प बसावं तसं.

मागे बत्तीस नंबरचा माणूस खोकला.
अब्बांनी अर्ज पाठवला नाही.
पुसलाही नाही.
ड्राफ्टमध्ये ठेवला,
आणि टायपिंगचे वीस दिरहम
माझ्याकडून घेतले.
सुटे परत देताना म्हणाले,
"गुरुवार दोनपर्यंत ना?"

मी त्यांना तारीख सांगितली नव्हती.