टाच

नोव्हेंबरच्या शेवटी टाचेत कुणीतरी खिळा ठोकला.
सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल
परक्याच्या घरात ठेवावं तसं.
डॉक्टर तस्नीम म्हणाली, धावणं बंद. सहा आठवडे.
मी म्हटलं, चार.
ती म्हणाली, ही भाजी मंडई नाही.

तर आता हाताने पोळ्या लाटून झाल्या
की रात्री पायाने बाटली लाटते,
फ्रीजरमध्ये गोठवलेली, पाण्याची.
मुलगा विचारतो, गोल येतेय का?

मुंबईची थंडी ती केवढी.
बावीस अंशांवर गेटवरचा रामसजीवन
ट्रंकेतून माकडटोपी काढतो.
पण धावणाऱ्याला वर्षाला एवढीच मिळते,
आठ-दहा आठवडे, टी-शर्ट पाठीला न चिकटणारे.
मे महिनाभर मी त्यांच्यासाठीच घाम गाळला होता
आणि नेमके तेच आता
खिडकीखालून जातायत,
माझ्याशिवाय.

डिसेंबरात टाच जरा निवली, तर खोकला.
खाडीपलीकडचा पारसिकचा डोंगर
गेले अकरा दिवस कुणी पाहिलेला नाही.
हवेचा आकडा मोबाइलवर बघते,
वॉर्डात पेशंटचा ताप बघावा तशी.
दोनशे चौदा.
पेशंट असता तर केव्हाच ॲडमिट केला असता.

कन्नमवार नगरच्या मागच्या रस्त्यावर
पाच वाजता शेकोटीत टायरचा तुकडा जळत असतो.
तो वास नाकात घेऊन परत फिरते.
जिन्याने वर. चार मजले, तीनदा.
वहीत लिहिते: मजले १२.
लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.
नाइट ड्यूटीत एवढं शिकलेय,
जे चार्टवर नाही ते झालंच नाही.

बुटांना मात्र अजून काही सांगितलेलं नाही.
दाराशी बसून असतात, नाकं रस्त्याकडे करून.
एकदा रागाने माळ्यावर फेकले.
दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन काढले,
तर डाव्याच्या आत
मागच्या पावसाळ्यातला वाळलेला चिखल, तसाच,
माझ्या पायाच्या आकाराचा.

खालच्या मजल्यावरचे मेल्विनकाका एकाहत्तर वर्षांचे.
त्यांचे गुडघे कुरकुरले की मी जागी होते
असं मी त्यांना चिडवते.
विचारलं, काका, कंटाळा नाही येत,
पुन्हा पहिल्यापासून?
ते वाकून नाडी बांधत होते, बराच वेळ.
म्हणाले, मी तर दरवर्षी पहिल्यापासूनच सुरू करतो, पोरी.
मधूनच कुठून सुरू करायचं ते मला येत नाही.
मग म्हणाले, आता जरा हात दे,
उठता येत नाहीये.

जानेवारीतल्या त्या रविवारी
छातीला लावायचा नंबर कपाटातच राहिला,
चारी पिनांसकट.
शहराच्या त्या टोकाला ढोल वाजत असतील,
कुणी अनोळखी बाई संत्र्याच्या फोडी वाटत असेल,
कुणीतरी माझ्याऐवजी मागून तिसरं येत असेल.

इकडे रात्री खाडीवरून वारा सुटला होता.
उजाडता उजाडता डोंगराची कड
पेन्सिलीने गिरवल्यासारखी परत आली.
तस्नीमचा हिशेब पाठ होता:
दोन खांब चाल, एक खांब धाव.
टाच विचारत होती, नक्की?
मी म्हटलं, एकच खांब.
मग तिला असंच फसवत फसवत नेलं
रोपवाटिकेच्या कुंपणापर्यंत,
मेल्विनकाका पुढे, शर्ट अर्धा बाहेर,
वळूनसुद्धा न बघणारे.
आठव्या धावेला थांबायचं ठरलं होतं.
थांबले.
आयुष्यात पहिल्यांदा,
दम शिल्लक असताना.

वहीत लिहिलं: खांब ८. खोकला नाही.
बाटली भरून परत फ्रीजरमध्ये ठेवली.
उद्या ड्यूटी.
परवा बघू, डोंगर दिसला तर.