आरशात आभाळ दिसेपर्यंत

तू फोनवर विचारलंस, उपेन,
दर वर्षी कशाला गं हा खर्च,
हीटर घे एक, बटण दाबलं की झालं.

घेतलाय हीटर. कोपऱ्यात आहे.
वीज गेली की तोही आपल्यासारखाच
गारठून बसतो.

मुरारची थंडी तू विसरलास.
पौषात इथे सूर्य दुपारी दोनला उठतो,
धुक्यातून आधी सायकलची घंटी येते,
सायकल मागाहून.
बाबा तिला अंगीठी म्हणायचे, आई भिंतीतली चूल.
बाभळीची दोन लाकडं, आणि चौघांचे आठ तळवे
तिच्याकडे तोंड करून.

रज्जनचाचांचा नातू काल आला.
चाचा आता खाटेवरून हुकूम सोडतात.
बांबूला बांबू बांधलेला, टोकाला खजुरीच्या झावळ्या,
तो छपरावर, मी खाली जुनी चादर धरून.
काजळी आधी भुसभुशीत पडते,
मग डांबरासारखी, चकचकीत, खरवडून काढावी लागणारी.
तीच पेटते म्हणे कधी, भिंतीच्या आतल्या आत,
आणि माणसं रजईत पाय पसरून.

तुला एक आठवतं, दर वेळी सांगतोस:
चिमणी साफ करायला माणूस आलाय म्हटल्यावर
तू मूठभर तांदूळ घेऊन धावलास,
अंगीठीत टाकलेस, आणि वर बघत बसलास.
आपण सगळे हसलो.

त्याच्या पुढचं तुला आठवत नाही.
तू चारचा होतास.

त्या दिवशी रज्जनचाचा तसेच परत गेले.
पगार व्हायचा होता. बाबा म्हणाले, संक्रांतीनंतर या.
थंडीचं पहिलं लाकूड पेटलं
तेव्हा तुझे तांदूळ तडतडले.

मग ती रात्र. आईने खिडकीच्या फटीत
जुना पंचा कोंबला, दाराखाली गोणपाट.
धूर दिसला नाही. वासही नाही.
आई म्हणाली, डोकं ठणकतंय, बाम लावून पडली.
बाबा म्हणाले, बघ पोराचे गाल कसे लाल,
थंडी मानवली.

पहाटे पाचला जगराम दूधवाला.
कडी वाजवली. हाक मारली.
आई एरवी पहिल्या हाकेला भांडं घेऊन उभी.
तिसऱ्या हाकेनंतर त्यानं
लिटरच्या मापानं काच फोडली.

मला आठवते ती हवा,
इतकी गार की गोड लागली.
अंगणात दूध सांडलेलं, आणि त्यात उभा राहून
जगराम तुला पालथा धरून पाठीवर थोपटतोय, थोपटतोय.
तू रडलास.
आई तिथेच मातीत बसली.

रज्जनचाचा न बोलावता आले, मजुरीचं न बोलता चढले.
साळुंकीचं घरटं निघालं अख्खं:
गवत, मेळ्यातल्या फुग्याचा दोरा,
माझी हरवलेली हिरवी रिबीन.
"गला बंद था इसका, बाबूजी," एवढंच.
बाबा पाकीट उघडून उभे.
दहा दहाच्या चार नोटा त्यांना मोजता येईनात.

त्यानंतर सत्तावीस वर्षं
दसऱ्याला सोनं वाटायच्या आधी
ते दाढीचा आरसा घेऊन अंगीठीत डोकं घालायचे.
आपण पाया पडायला उभे, नवे कपडे घालून,
आणि आतून त्यांचा आवाज, थांबा रे, थांबा.

काल मी धरला तोच आरसा.
आधी काळं. मग करडं.
मग रुपयाएवढं आभाळ,
त्यातून एक घार गेली.

नातवाला म्हटलं, झालं. उतर.

त्या खिडकीची काच अजून तशीच आहे,
बाकीच्यांहून जराशी हिरवी.
तुला वाटायचं, रंग चुकलाय.

साडेआठशे झाले. चहा वेगळा.
तुझे अर्धे पाठव, नाही पाठवलेस तरी चालेल.
पण जानेवारीत याल तेव्हा
पोरांना सांग, आत्याच्या घरी
खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपतात,
कितीही कुडकुडलं तरी.
का, ते तू सांग.