तोंड उघडं ठेवा

दिवसाला नऊ तोंडं. कधी दहा.
सुपीरियर सरोवरावरचा वारा खिडकीला दात लावतो
आणि मी आत
टॅमरॅक पॉइंटच्या लोकांचं कीटण खरवडत बसते.
उघड्या तोंडाच्या माणसाला वाद घालता येत नाही,
हा या धंद्याचा फायदा.
तोटा असा, की चूळ भरताना सगळे बोलून घेतात.

रोलंड टेर्वो, प्लंबर, खालची डावी दाढ:
"आइला, मी पाइप जोडतो. माझी दोन्ही पोरं पाइप जोडतात.
आमच्या घरपट्टीतून
डॉक्टर व्हिटकॉमच्या लेकीची फी कशाला?
तिची स्वतःची होडी आहे."
थुंकला. थोडं रक्त होतं.
हिरड्या सांभाळा, मी म्हटलं,
कारण दुसरं उत्तर नव्हतं.
होडी खरंच आहे. पांढरी. मी पाहिलीय.

मतदान मंगळवारी.
सरकारी कॉलेजात फी नको, त्यासाठी कर थोडा वाढवायचा:
हो, किंवा नाही.
पत्रक मी फ्रिजवर लावलं,
आधीच लावलेल्या एका पत्राशेजारी.
'आपले कर्ज पूर्णपणे फिटले आहे.'
अठरा वर्षं, दोन महिने.
शिक्षण दोन वर्षांचं.

मुद्दल केव्हाच संपलं होतं,
मी फेडत होते ते व्याजाचं व्याज.
एकाच कोटात अकरा हिवाळे.
त्या पैशात एक मूल वाढलं असतं.
वाढलं नाही.
जामीन म्हणून आईची सही होती,
कागद कारखान्याच्या कँटीनमध्ये हात पुसून केलेली.
ती गेल्यावरही चार वर्षं
पत्रं तिच्या नावाने येत राहिली.
कर्ज फिटलं.
पांग नाही फिटले.

आणि आता म्हणे सगळ्यांना फुकट.

खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं.
मी कण्हत कण्हत जिना चढले
आणि वर पोचल्यावर कुणीतरी लिफ्ट बसवतंय,
वर तिची वर्गणी माझ्याकडेच मागतंय.

शनिवारी दुकानात काँगमेंग वांग माझं सामान भरत होता.
अंडी वेगळ्या पिशवीत, न सांगता.
म्हणाला, मलाही दातांचंच शिकायचंय,
तुम्हाला किती पडलं?
मी आकडा सांगितला.
तो हसला. त्याला वाटलं, मी घराची किंमत सांगतेय.
मग हसणं थांबलं, आणि त्याने
दुधाचा डबा उगाच दोनदा पुसला.
त्याचे पुढचे दात जरा वाकडे आहेत. स्वच्छ आहेत.

रात्री झोप येईना म्हणून मोजत राहिले.
पहिलीपासून बारावीपर्यंत बाकं, खडू, बसगाडी, दुपारचं दूध,
कुणीतरी भरलंच माझ्यासाठी.
टेर्वोच्या बापानेही भरलं असेल, शिव्या देत.
तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं,
मला कधी कळलंच नाही.
बारावीपर्यंत सगळ्यांनी मिळून चालवायचं
आणि तेराव्याला ज्याने त्याने आपलं आपण बघायचं,
हा हिशेब कुणी घातला?
कुठल्या आकड्यापाशी माणूस परका होतो?

होडीचं उत्तर मात्र मोजूनही सापडलं नाही.

मंगळवारी अग्निशमन केंद्रात, बंबाच्या शेजारी,
पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिले.
'हो'समोरचा गोल भरला.
उदार वगैरे मुळीच वाटलं नाही.
इतका दाबून भरला की पेन कागदातून आरपार गेलं,
आणि बाई म्हणाल्या, ही बाद होईल,
दुसरी घ्या.

म्हणजे पुन्हा एकदा ठरवायचं.
मागे रांग होती. टेर्वो होता त्यात,
गालाला हात लावून.

बुधवारी त्याची उजवी बाजू आहे.
निकाल तोवर लागलेला असेल.
चूळ भरायला मी त्याला जरा जास्तच वेळ देणार आहे.