आतली बाजू

नोव्हेंबरात आमच्याकडे सूर्य दहाशिवाय उठत नाही,
म्हणून मी गाड्या टॉर्चने तपासतो.
टॉर्च तिरका धरायचा. सरळ उजेडात ओरखडे लपतात.
नख अडकलं तर लिहायचा,
नाही अडकलं तर सोडून द्यायचा.
केफ्लाविकच्या या आवारात नऊ वर्षं.
बायको म्हणते, तू आता माणसांकडेही
असाच कडेकडेनं बघतोस.

गुरुवारी स्तेइनवर आली, सत्तरीच्या पुढची.
हातातली पिशवी तिने काउंटरवर टेकवली नाही.
ब्यार्की नवा आहे, कमिशनवर आहे,
पाठ केलेलं म्हणत गेला:
खडीचा विमा, काचेचा विमा, वाळूचा, राखेचा...
"राखेचा?" ती पहिल्यांदा हसली.
"ज्वालामुखीच्या," ब्यार्की म्हणाला.
"मग नको."

घोडा विकत घेताना फिरतात
तशी ती गाडीभोवती फिरली.
चाकांपाशी वाकली, बंपरखाली फोन घातला,
काचेवरचा तांदळाएवढा टवका,
टाकीचा काटा, किलोमीटरचा आकडा.
तारीख मोठ्याने बोलली,
"आणि हा माणूस साक्षीला," म्हणत
फोन माझ्या तोंडासमोर धरला.
मी उगाच टोपी नीट केली.
माझ्या यादीत ओरखडे तीन. तिच्या व्हिडिओत अकरा.
आठ नवे लिहिले, सही केली.
"उल्फ्येदिनने शिकवलं," ती म्हणाली. "माझा भाऊ.
फुकटचा पैसा कुणाला दिला नाही त्याने
आणि कुणाचा बुडवलाही नाही."

मी नेहमीचं सांगितलं:
दार उघडताना हात दारावरच राहू द्या.
इथला वारा दार उलटं पिरगाळतो
आणि त्याची भरपाई कुठलाच विमा देत नाही.
करारात ते बारीक अक्षरात आहे. साध्या भाषेत:
वाऱ्यावर सोडलेलं ज्याचं त्याला.

पिशवी तिने शेजारच्या सीटवर ठेवली
आणि पट्टा बांधला.

सोमवारी परत. वेळेआधी चाळीस मिनिटं.
पेट्रोलची पावती इथल्याच पंपाची,
उत्तरेच्या बोगद्याचा टोल त्याच रात्री भरलेला,
दारं जागच्या जागी.
टॉर्च फिरवला. अकरा. बारावा नाही.

मग आत.
शेजारच्या सीटखाली, चटईवर,
करडी भुकटी. चिमूट, दोन चिमटी.
"वारा ऐन वेळी फिरला," ती म्हणाली.
"समुद्राकडे तोंड करून उभी होते,
तरी अर्धा माझ्या कोटावर आला."
मग पर्स उघडत,
"याचा फोटो नाही माझ्याकडे.
जादा साफसफाईचे किती होतात?"

दरपत्रक मला पाठ आहे.
कुत्र्याचे केस, वाळू, उलटी, सिगारेट.
मी टॉर्च विझवला.
ब्यार्की व्हॅक्यूम ओढत येत होता, त्याला म्हटलं,
ती पलीकडची निळी घे आधी.

चटई आम्ही दोघांनी दोन टोकांना धरून
कुंपणापर्यंत नेली.
पलीकडे लाव्हा, त्यावर शेवाळ,
आणि त्याच्याही पलीकडे धावपट्टी.
"त्याला विमानं आवडायची नाहीत," ती म्हणाली.
थोडं थांबून, "चालेल."

फॉर्मवर एक रकाना उरला होता.
आतली बाजू, दोन टिंबं, रिकामी जागा.
पेन धरून मी बराच वेळ उभा.
दहा वाजत आले होते, टॉर्चशिवाय दिसायला लागलं होतं.
लिहिलं:
दिली तशीच.