रेघेच्या चार बोटं वर

इलाही नदाफनं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली,
माझ्याकडं बघितलं, "इथं चालंल?"
मी म्हटलं, आणखी चार बोटं वर घे.
रंगाचे दोन हात देऊनही एकोणीसच्या पाण्याची रेघ
दमट हवेत अजून घाम आल्यासारखी उमटते.
त्यानं काही विचारलं नाही. गावभागात
खिळा कुठं ठोकायचा हे रेघच ठरवते.

पुढं तीन, मागं दोन, छताला दोन,
आणि कोपऱ्यात जमिनीवर तो जाडजूड काळा डबा.
"पाणी आलं तर पहिला हा उचला," इलाही म्हणाला,
"बाकीचे वरनं बघत बसतील."

हळदीच्या दोन हंगामांची दलाली
अशी जागोजागी टांगून झाली.

मग सोफ्याच्या मधोमध उशांची चळत रचून
त्यानं बोटाएवढा माइक उभा केला, कानाच्या उंचीवर.
"आता कुणी बोलायचं न्हाई. मशीन खोली ऐकतंय."
आम्ही गप्प.
तेव्हा कळलं घरात काय काय बोलत असतं:
फ्रिज, पाल, वैजयंताच्या बांगड्या,
शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी,
पुलाच्या चढावर गिअर बदलणारी रिक्षा.
एकेका स्पीकरनं आळीपाळीनं हूऽऽप केलं
आणि मशीननं निकाल दिला, ही खोली काटकोनात नाही.
हे आम्हाला फरशी बसवतानाच कळलं होतं.

पहिलं गाणं.
तंबोरा भिंत सोडून खोलीभर झाला,
तबला मागून, पाठीवर कुणी बोटं वाजवावीत तसा,
आणि बाई गात होत्या बरोब्बर पंख्याच्या जागी.
वैजयंता वर बघून म्हणाली,
"बैठकीत गवई असा माळ्यावर बसतो होय?"
पण तिचा पिठाचा हात तसाच हवेत राहिला होता.

"अण्णा, मधे बसा. इथंच सगळं नीट मिळतं.
हातभर सरकलात की बिघडलं."
अण्णा बसले. सबंध गाणं बसले.
मग म्हणाले, "चांगलं हाय. उजवीकडं हाय सगळं."

डावा कान त्यांनी माधवनगरच्या गिरणीत
बत्तीस वर्षं साच्यांपाशी ठेवला,
निवृत्तीच्या दिवशी नारळ आणला, तो नाही आणला.
मला ठाऊक होतं.
स्पीकर मोजताना
कान मोजायचे राहिले.

इलाही रिमोट घेऊन मेनूत शिरला,
डावं उजवीकडं ढकलता येतं का बघू लागला.
अण्णा तोवर उठले.
काठी न घेता पहिल्या स्पीकरपाशी गेले,
चांगला कान लावला. "ही पेटी."
दुसऱ्यापाशी नुसतेच हसले.
मागच्यापाशी टाचा उंचावून, रेघेवर तळहात टेकून,
"तबल्यावरचा पोरगा घाईत हाय."
कोपऱ्यात गुडघे धरत खाली बसले,
काळ्या डब्यावर पंजा ठेवला, डोळे मिटले.
बराच वेळ.
"ह्याला कान लागत न्हाई," म्हणाले.

सोफ्यावर मधला खळगा रिकामा,
सगळं गाणं अगदी बिनचूक तिथंच येऊन पोचत होतं.
कुणी बसलं नाही.

इलाही पिशवी आवरून चपला घालत होता,
तेवढ्यात कोपऱ्यातनं आवाज आला,
"उद्या येताना घोडा आण रं.
वरची बाई राहिलीय."