पोकळीचं सोंग

तीन आठवडे आम्ही गळती शोधत होतो.
ब्रनोच्या उत्तरेला, क्रालोवो पोलेच्या त्या शेडमध्ये,
जिथे ट्राम वळली की बाकावरच्या वाटीत
स्क्रू आपसात कुजबुजतात.
मायक्रोस्कोपचा खांब उघडा,
तांब्याचं गॅस्केट बदला,
समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेऱ्याने आवळा,
रात्रभर भाजत ठेवा,
आणि सकाळी बघा आकडा.
आकडा तोच. तीन, गुणिले दहाचा उणे सहावा घात.
हवा होता एक.

आणि मी म्हणाले, सगळ्यांसमोर म्हणाले,
हिनेक, हे तुझ्या हातांचं काम आहे.

एकोणीस वर्षांचा पोरगा.
काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवसापासून दोन-दोन हातमोजे घालू लागला.

मग एका शनिवारी, शेडमध्ये कुणी नसताना,
मी आलुबुखाराच्या मुरंब्याचा रिकामा डबा घेतला
आणि त्यात एक बहुरूपी बसवला.
तापणाऱ्या तारेच्या जागी
जुन्या स्कोडाचा मागचा दिवा.
चार मिलिअँपियर गिळायला एक जाडा रेझिस्टर.
आणि आयनांच्या जागी, त्या चुकार, मोजक्या आयनांच्या जागी,
बावीस मेगाओमचे दहा मणी एका ओळीत,
टोकाला नऊ व्होल्टची बॅटरी.
स्पिरिटने धुतले, चिमट्याने धरले.
बोटाचा ठसासुद्धा इथे वाट होतो,
आणि वाट मिळाली की वीज घरी थांबत नाही.

वायर जोडली. एकशे ऐंशी व्होल्ट,
म्हणून डावा हात खिशात.
दिवा लागला, मंद, तांबूस,
आणि मापकाने विश्वास ठेवला.
त्याला काय ठाऊक,
की डब्यात मुरंब्याचा वास आहे,
खोलीत काठोकाठ हवा आहे,
खालच्या उपाहारगृहातून शेपूच्या सॉसची वाफ वर येते आहे,
आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची ब्लाझेना,
श्वास रोखून उभी आहे?
त्याला सांगितलं होतं, इथे जवळजवळ काहीच नाही.
किती नाही, तेवढं सांग.

हिशेबाने एक यायला हवा होता.
तीन आला.

बॅटरी काढली.
आता सांगायला कुणी नव्हतं, खोटंसुद्धा.
तरी दोन.
हे दोन त्याच्या घरचेच होते.

झाकण उघडलं. भिंग लावलं.
इनपुटच्या पायाशी रोझिनचा थेंब,
मधासारखा पिवळा, न पुसलेला,
शेजारच्या ग्रिडच्या रेषेपर्यंत ओघळलेला.
बाजूला दुरुस्तीची चिठ्ठी: गेला ऑक्टोबर,
आणि सही.
सही मी ओळखते. रोज करते ती.

चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात.
चोराच्या हातातच सुळी असली, तर?

ब्रशने घासलं, स्पिरिटने धुतलं, पुन्हा धुतलं.
एक. स्वच्छ एक.
तीन आठवडे आमचा खांब
निर्दोष रिकामा होता.

सोमवारी सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं होतं.
वाक्यही तयार होतं, ट्राममध्ये घोटलेलं.
हिनेक आला, कोट काढला,
आणि ते वाक्य घशातच अडकलं.
मी डबा त्याच्यापुढे सरकवला.
म्हणाले, बॅटरी काढ, वाच.
शून्य, म्हणाला.
शनिवारी दोन होता, मी म्हणाले. थेंब माझा होता.
मागे पंप चालू होता.
दोघे-तिघे वळून पाहत होते.
आणखी मोठ्याने म्हणाले, थेंब माझा होता.

त्याने आधी एका हाताचा वरचा मोजा काढला,
मग आतला.
दुसरा हात तसाच ठेवला.
बॅटरी लावली, डब्यावर वाकला,
आणि त्या दहा मण्यांवर
हळूच, मुद्दाम, फुंकर घातली.
आकडा हलला. एक पूर्णांक तीन. चार.
मग सावकाश खाली.
त्याने पुन्हा फुंकलं.

माझ्या बाकावर असलं काही केलं तर मी ओरडते.
मी बघत राहिले.